संगणकाचे आरोग्य : एक आवश्यक खर्च

(वार्षिक सभेतील भाषणाचा सारांश)



'रुग्णालयाचा सर्व्हर लिनक्सवर चालतो, त्याला व्हायरस लागत नाही. मग हा खर्च कशासाठी?' असा प्रश्न विचारला जातो. देणगीचा प्रत्येक रुपया रुग्णासाठी असल्याने तो रास्तच आहे.

या समजुतीत तथ्य आहे. विंडोजचे वापरकर्ते अधिक, म्हणून हल्लेही त्यावर अधिक. शिवाय लिनक्समध्ये सामान्य वापरकर्त्यास मूळ यंत्रणेत फेरफार करण्याचा अधिकार नसतो. परंतु कमी हल्ले म्हणजे अभेद्यता नव्हे. २०१२ मध्ये 'फ्लॅशबॅक'ने सहा लाखांवर मॅक संगणकांत शिरकाव केला. २०१६ मध्ये 'मिराई'ने लिनक्सवर चालणारे असंख्य कॅमेरे ताब्यात घेतले. कारण एकच, मूळचा पासवर्ड कोणी बदललाच नव्हता. जून २०१७ मध्ये दक्षिण कोरियातील नयाना कंपनीचे १५३ लिनक्स सर्व्हर 'एरेबस'ने कुलूपबंद केले आणि कंपनीस सुमारे दहा लाख डॉलर खंडणी मोजावी लागली.

आपल्या पुण्यातही ऑगस्ट २०१८ मध्ये कॉसमॉस बँकेचे सुमारे ९४ कोटी रुपये गेले. हल्ला टेबलावरील संगणकांपुरता नव्हता. एटीएम व्यवहारांना मंजुरी देणारी यंत्रणाच लक्ष्य होती. चोर कुलपाची जात पाहत नाही, तिजोरी पाहतो. रुग्णालयाची तिजोरी म्हणजे रुग्णांच्या नोंदी. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्समधील सर्व्हर बंद पडले, तेव्हा नोंदणी व तपासणी अहवालांचे काम कित्येक दिवस हाताने करावे लागले. अशा वेळी शेळगाव परिसरातून मध्यरात्री आलेल्या रुग्णास कोणते औषध सोसत नाही, हे डॉक्टरांना कोठून कळणार?

आणखी एक गोष्ट. स्वतः आजारी न पडता रोग पसरविणारा वाहक असतो, तसाच लिनक्स सर्व्हर बाधित फाइल विंडोज संगणकांपर्यंत पोहोचवू शकतो. म्हणून त्यावरही तपासणी हवी. 'क्लॅमएव्ही'सारखे प्रोग्राम त्यासाठी विनामूल्य मिळतात. खर्च आहे तो वेळोवेळी अद्ययावत करण्याचा, जाणकाराच्या वेळेचा आणि नेटवर्कपासून अलग ठेवावयाच्या बॅकअप डिस्कचा. खतावणी जुळली तरी रोकड मोजावीच लागते. तसा बॅकअप घेतला तरी तो पुन्हा उघडतो की नाही, हे ठरावीक काळाने पाहिलेच पाहिजे.

या कामासाठी अंदाजपत्रकात स्वतंत्र तरतूद व्हावी, ही विश्वस्त मंडळास नम्र विनंती. रुग्ण विश्वासाने आपली माहिती आपल्या हाती सोपवितो. तिचे जतन हाही सेवेचाच भाग आहे.