वीरांचा वसंत आणि स्त्रीचे मन
(रत्नागिरी येथील व्याख्यानाचा मजकूर)



झाशी येथून शेकडो कोस दूर. पण राणी लक्ष्मीबाईंचे नाव रत्नागिरीला परके नाही. त्या ज्या नेवाळकर घराण्यात सून म्हणून गेल्या, त्याचे मूळ गाव याच जिल्ह्यातील, लांजा तालुक्यातले कोट. मराठी घरातील या वीरांगनेला हिंदी भाषकांच्या ओठांवर कायमचे स्थान दिले ते मात्र प्रयागजवळच्या निहालपूर येथे १९०४ साली जन्मलेल्या सुभद्राकुमारी चौहान यांनी.

हिंदीतील वीरकाव्याची परंपरा थोर आहे. चंदबरदाई, भूषण ही नावे उच्चारताच रणभेरी ऐकू येते. तथापि या काव्यात स्त्रीच्या वाट्याला बहुधा निरोप देणे, वाट पाहणे अथवा जोहार करणे एवढेच आले. शृंगारकाव्यात ती वर्णनाचा विषय झाली. विसाव्या शतकात ती स्वतः लेखणी घेऊन बोलू लागली, तेव्हा युद्ध आणि प्रेम या दोहोंचाही अर्थ पालटला.

सुभद्राकुमारींची ‘झाँसी की रानी’ ही कविता शौर्यगीत म्हणून लाखो मुलांनी पाठ केली. तिच्यातील स्त्रीची दृष्टी मात्र फारशी कोणी पाहिली नाही. राज्ये खालसा झाल्याचे सांगताना कवयित्री केवळ तह आणि तोफा मोजत नाही. अंतःपुरात रडणाऱ्या राण्या आणि बेगमा तिला दिसतात. नागपूरचे दागिने भर बाजारात विकले जाताना दिसतात. पराभव म्हणजे घरातील लेकीसुनांच्या अंगावरचे लेणे परक्याच्या हाती जाणे, हे स्त्रीलाच प्रथम जाणवते. रणांगणावरही राणी एकटी नाही. तिच्या सख्या तिच्यासोबत लढतात. एक प्रश्न मात्र उरतो. त्याच कवितेचे ध्रुवपद राणीच्या शौर्याला पुरुषाची उपमा देते. स्त्रीच्या पराक्रमासाठी स्त्रीचा शब्द तेव्हा भाषेपाशी नव्हता, ही उणीव कवयित्रीची नव्हे, समाजाची होय.

‘वीरों का कैसा हो वसंत’ या कवितेत प्रिय व्यक्तीचे बाहुपाश आणि हातातील खड्ग समोरासमोर उभे राहतात. तेथे हळदीघाटीच्या जोडीने सिंहगडाचे आणि तानाजीचे स्मरण येते, हे मराठी श्रोत्याने ध्यानात घ्यावे. तेथे प्रेमाचा धिक्कार नाही; प्रेमाचे मोल ठाऊक असलेली स्त्रीच त्यागाचे मोल सांगत आहे. जालियनवाला बागेवरील कवितेत तर वीरश्रीचा लवलेश नाही. वसंताने तेथे पावले न वाजवता यावे, अशी विनवणी आहे. कारण त्या मातीत कोवळी बालकेही निजली आहेत.

हे शब्द घरात बसून लिहिलेले नव्हते. पती लक्ष्मणसिंह यांच्यासह त्या स्वातंत्र्यलढ्यात उतरल्या. १९२३च्या झेंडा सत्याग्रहात आणि पुन्हा १९४२ साली त्यांनी कारावास भोगला. ‘राखी की चुनौती’मधील भाऊ तुरुंगात आहे आणि बहिणीला त्याचा अभिमान आहे, राखी व बेडी यांचे नाते तेथे जडते. ‘मुकुल’ हा त्यांचा संग्रह १९३० साली आला. त्यात राष्ट्रभक्तीशेजारी संसार, रुसवा आणि लेकीचे बालपणही आहे. स्वतंत्र भारतात १९४८च्या फेब्रुवारीत मोटार अपघाताने हे जीवन अकाली संपले.

त्यांची शाळासोबतीण महादेवी वर्मा. त्यांचा मार्ग विरहाचा, अंतर्मुख. तरीही १९६२च्या चिनी आक्रमणानंतर ‘हिमालय’ हा काव्यसंग्रह त्यांनीच संपादित केला. कोमलता म्हणजे दुर्बलता नव्हे, याचे हे उदाहरण.

राणीच्या पुतळ्याला हार घालणे सोपे आहे. जिच्या घरातून कुणी सीमेवर गेले आहे, त्या मातेचे, पत्नीचे, भगिनीचे मन जाणणे कठीण. पराक्रमाची गाथा गाणाऱ्या समाजाने ते मनही वाचले पाहिजे. कोटच्या या सुनेचे खरे स्मरण त्यातच आहे.