खोटी साक्ष कुणाची?

(युवक शिबिरात केलेले भाषण)



मला विषय दिलाय 'धर्म आणि नीती'. विषय मोठा आहे आणि मी मॅट्रिक झालेला गोदीकामगार. म्हणून ग्रंथातलं सांगत बसत नाही. दोन दाखल्यांचं सांगतो.

एक दाखला माझा, एक माझ्या चुलतभावाचा. दोघांचा आज्जा एक. नगर जिल्ह्यातला महारवाडा एक. चर्चमधला बाक एक. दोघांच्या डोक्यावर बाप्तिस्म्याचं पाणी घालणारे पाळकसाहेबही एकच. पण शाळेत नाव घालताना माझ्या बापानं सांगितलं 'ख्रिस्ती' आणि चुलत्यानं सांगितलं 'हिंदू महार'. चुलतभावाला शिष्यवृत्ती मिळाली, वसतिगृह मिळालं, पुढं सरकारी नोकरी लागली. मी गोदीत आलो. गावात मात्र दोघांची जात एकच राहिली. शिवी देणाऱ्यानं आमच्याकडं कधी दाखला मागितला नाही.

आता नीतीवाले उठतात. म्हणतात, तुझा भाऊ खोटारडा. रविवारी येशूचा आणि सोमवारी कागदावर हिंदू. दहा आज्ञांत खोट्या साक्षीला मनाई आहे. पेत्रानं कोंबडा आरवायच्या आत तीनदा येशूला नाकारलं, हा तर रोज नाकारतो.

मी विचारतो, ही साक्ष मागतं कोण?

१९५० सालचा राष्ट्रपतींचा आदेश आहे, अनुसूचित जातींचा. त्याचा तिसरा परिच्छेद म्हणाला, हिंदू सोडून दुसरा धर्म मानणारा अनुसूचित जातीचा समजला जाणार नाही. १९५६ साली शीख आत घेतले. बौद्धांना १९९० पर्यंत थांबावं लागलं. आम्ही अजून बाहेर. आदिवासी ख्रिस्ती झाला तरी अनुसूचित जमातीतच राहतो. म्हणजे धर्म बदलून मागासलेपण धुतलं जातं, हे आमच्या बाबतीत मात्र खरं!

बौद्ध भावांनो, रागावू नका. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी नागपुरात दीक्षा दिली. केंद्राचा कायदा बदलायला त्यानंतर चौतीस वर्षं लागली. त्या काळात शाळेच्या रजिस्टरात 'हिंदू महार' लिहिणारे बाप तुमच्याही घरात होते. त्यांनी काय बाबासाहेबांना नाकारलं होतं? पोरगं शिकावं म्हणून त्यांनी कागद भरला. मग तोच कागद माझ्या चुलत्यानं भरला, तर तो बाटगा आणि वर लबाडही कसा?

गोदीत मॅनिफेस्टवर एक माल आणि कंटेनरमध्ये दुसराच निघाला की कस्टमवाले माल जप्त करतात. बरोबरच आहे. आमचं उलटं आहे. आत काय आहे ते साऱ्या गावाला ठाऊक, आणि कागदावर खरं लिहिलं की जप्ती होते. माझ्या बापानं खरं लिहिलं, त्याचा मला अभिमान आहे. पण त्या खऱ्याची किंमत त्यानं एकट्यानं नाही भरली, ती मीही भरतोय. चुलत्याला मी खोटारडा म्हणणार नाही. जो कायदा पोटाच्या बदल्यात देव गहाण मागतो, तो कायदाच खोटी साक्ष द्यायला लावतो.

सूसाई खटला बघा. मद्रासच्या रस्त्याकडेला चपला शिवणारा आदि-द्रविड ख्रिस्ती माणूस. सरकारनं तिथल्या अनुसूचित जातीच्या चांभारांना फुकट टपऱ्या दिल्या, ख्रिस्ती म्हणून याला नाही. १९८५ साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं, धर्मांतरानंतरही तेवढाच त्रास होतो हे दाखवा. हातात तीच आरी, समोर तेच चामडं, आणखी काय दाखवायचं? २००७ साली रंगनाथ मिश्र आयोगानं हा तिसरा परिच्छेदच काढून टाका असं सुचवलं. शिफारस कागदावरच राहिली. २०२२ साली याच प्रश्नावर आणखी एक आयोग नेमला. आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये पुद्दुचेरीच्या एका बाईच्या खटल्यात सुप्रीम कोर्ट म्हणालं, ख्रिस्ती धर्म पाळायचा आणि नोकरीसाठी हिंदू म्हणून दाखला मागायचा ही संविधानाशी फसवणूक आहे. फसवणूक! दोन हजार वर्षं माणसाला माणूस न मानणाऱ्यांवर कुणी हा आरोप ठेवल्याचं मी ऐकलं नाही.

पण नुसत्या दिल्लीकडं बोट दाखवून मी सुटणार नाही. चर्चलाही साक्षीला उभं करतो. चर्च म्हणतं, ख्रिस्तात जात नाही. मग तिरुचिरापल्लीच्या ख्रिस्ती दफनभूमीत मेलेल्यांमध्ये भिंत कशाला? १८९५ साली नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले. कवी म्हणून ते थोरच, पण त्यांचं ब्राह्मणपण चर्चनं दागिन्यासारखं मिरवलं, आमचं महारपण मात्र झाकून ठेवायला सांगितलं. शेवटी २०१६ साली कॅथलिक बिशपांनी आपल्याच धोरणपत्रात कबूल केलं की चर्चमध्ये अस्पृश्यता आहे. दलितांतला पहिला कार्डिनल व्हायला २०२२ साल उजाडलं. जे घरात आहे ते घरातल्यांनी नाकारलं, तर सरकार म्हणणारच, तुमच्यात जात नाही ना, मग सवलत कशाला?

आणि आता आपल्या पोरांना सांगतो. मुंबईत येऊन कुणी नुसता ख्रिस्ती होतो, कारण डेव्हिड म्हटलं की पुढचं कुणी विचारत नाही. कुणी मोर्चात नुसता दलित होतो आणि गळ्यातला क्रूस शर्टाच्या आत ढकलतो. दोन्ही अर्धंच खरं. मी ख्रिस्ती आहे आणि मी दलित आहे. ही दोन वाक्यं एका दमात म्हणायची सवय करा. येशू माझा, कारण तो सुताराचा पोर, वेशीबाहेर खिळलेला. बाबासाहेब माझे, कारण खिळे कुणी ठोकले ते त्यांनी कळवलं. माझ्या छातीत दोघांचं भांडण नाही. भांडण तहसील कचेरीत आहे.

म्हणून माझं मागणं थोडक्यात. १९५० च्या आदेशातला धर्माचा परिच्छेद रद्द करा, मग बघा दाखल्यावर कोण खोटं लिहितो. चर्चनं भिंती पाडाव्यात, आणि तोवर आपल्यात जात आहे हे दर रविवारी मोठ्यानं सांगावं. आणि चळवळीनं हा प्रश्न 'ख्रिश्चनांचा' म्हणून बाजूला सारू नये. आमचा वाडा एकच होता, हे विसरू नका.

खरं बोलणं ही नीती असेल, तर ती गरिबाला परवडली पाहिजे. ज्या देशात खरं बोललं की पोराची शाळा सुटते, तिथं आधी देशाला नीती शिकवा, मग माझ्या चुलत्याला.

जयभीम.