नोंद आणि शुश्रूषा

शाळामास्तराच्या आयुष्यांत दोन वह्या कधीं सुटत नाहींत. एक हजेरीची आणि दुसरी गुणांची. मीं सारें आयुष्य प्राथमिक शाळेंत शिकविण्यांत घालविलें. निवृत्त होऊन कांहीं वर्षें झालीं, तरी शाळेची वेळ झाली कीं माझा हात आपोआप वही शोधूं लागतो, असें घरची मंडळी म्हणते. वैद्यकाचा माझा अभ्यास नाहीं. मी जुन्या मॅट्रिकपर्यंत शिकलेला मनुष्य. अशा मनुष्यानें सार्वजनिक आरोग्य आणि रुग्णसेवा या विषयावर बोलावें, हें कोणास धार्ष्ट्य वाटेल. परंतु या विषयाचें एक मूळ दवाखान्यांत नसून वहींत आहे. आणि वहीविषयीं बोलण्याचा थोडाबहुत अधिकार मास्तरास असावा, असें मला वाटतें.

आरंभीं एक कबुली दिली पाहिजे. १९९१ सालच्या फेब्रुवारींत जनगणनेच्या कामावर माझी नेमणूक झाली होती. आमचे वडील जिला शिरगणती म्हणत, तीच ही. गांवाबाहेरच्या एका वाडीवर मी भर दुपारीं पोंचलों. ऊन चढलेलें, पाय दुखत होते, आणि अजून बरींच घरें राहिलीं होतीं. एका दारांत एक तरुण बाई उभी होती. विवाहित स्त्रियांना विचारावयाच्या प्रश्नांत दोन प्रश्न असे असत: आजपर्यंत जिवंत जन्मलेलीं मुलें किती, आणि त्यांपैकीं आज हयात किती. मीं घाईनें एकच प्रश्न केला, "मुलें किती?" ती म्हणाली, "दोन." मीं दोन्ही रकान्यांत दोनाचा आंकडा घातला आणि पुढच्या घरीं गेलों.

दहा वर्षांनीं, २००१ सालीं, तीच वाडी माझ्या वांट्याला आली. या खेपेस मी ओट्यावर बसलों, पाणी मागून प्यालों, आणि सावकाश विचारलें, "बाई, जीं राहिलीं नाहींत, तीं धरून किती झालीं?" ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "गुरुजी, गेलेलीं पन लिवायची असत्यात व्हय?" मीं होय म्हटलें. तेव्हां ती म्हणाली, "मग चार." एक नऊ दिवसांचें होऊन गेलें होतें, दुसरें बारशाच्याही आधीं. थंडीचे दिवस होते, मूल दूध ओढीना, अंग गार पडलें, एवढेंच तिला सांगतां आलें. दोन्ही मुलें १९९१ च्या आधींचीं. म्हणजे दहा वर्षांपूर्वीं सरकारच्या कागदावर मीं जें लिहिलें, तें खोटें होतें. बारसें झालें नव्हतें म्हणून त्या मुलांना नांव नव्हतें. आणि मीं प्रश्न केला नाहीं म्हणून त्यांना संख्याही मिळाली नाहीं.

आपण म्हणाल, गेलेलीं मुलें कागदावर लिहिल्यानें परत थोडींच येतात? तीं येत नाहींत हें खरें. परंतु त्यांच्या पाठचीं वांचूं शकतात, आणि तीं कशीं, हेंच मला आज सांगावयाचें आहे. त्यासाठीं प्रथम एक जुनी, परदेशांतील हकीकत ऐका.

सुमारें पावणेदोनशें वर्षांपूर्वीं ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना येथील मोठ्या सार्वजनिक रुग्णालयांत बाळंतपणाचे दोन विभाग होते. पहिल्यांत वैद्यकाचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यांत सुइणी. रुग्णालय एकच, येणाऱ्या बायाही सारख्याच गरीब. तरी १८४६ सालीं पहिल्या विभागांत शेंकडा अकरांहून अधिक बाळंतिणी दगावल्या, आणि दुसऱ्यांत शेंकडा तिनांहूनही कमी. शहरांतल्या बायांना हें ठाऊक होतें. पहिल्या विभागांत घालूं नका म्हणून त्या विनवण्या करीत. रुग्णालयाच्या वहींतही हे आंकडे वर्षानुवर्षें पडून होते. पण त्या वहीला प्रश्न विचारणारा कोणी नव्हता. तो इग्नात्स सेमेलवाइस या हंगेरियन डॉक्टराच्या रूपानें भेटला. १८४७ सालीं त्याचा एक स्नेही शवविच्छेदनाच्या वेळीं बोटाला सुरी लागून वारला. आणि त्याच्या शरीरांत जीं चिन्हें दिसलीं, तींच बाळंतिणींच्या शरीरांत दिसत. सेमेलवाइसला उलगडा झाला. विद्यार्थी प्रेतें चिरून तसेच बाळंतिणींना तपासावयास येत. सुइणी प्रेतांना शिवत नसत. त्यानें क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्यानें हात धुण्याचा नियम घातला. १८४८ सालीं पहिल्या विभागांतील मृत्यूंचें प्रमाण शेंकडा सव्वाच्या आसपास आलें.

जंतूंचें शास्त्र त्या वेळीं जन्मासही आलें नव्हतें. तरी एका वहीनें आणि हात धुण्याच्या भांड्यानें शेंकडों माता वांचविल्या. पुढें मात्र त्याच्या पुष्कळ सहव्यवसायी मंडळींनीं त्याचें म्हणणें मानलें नाहीं, आणि १८६५ सालीं तो वेड्यांच्या इस्पितळांत मरण पावला. आपल्याच हातून रोग्याला अपाय झाला, हें कबूल करणें सज्जनासही जड जातें. माझ्या दोनाच्या आंकड्याची आठवण झाली, कीं मला त्या मंडळींना फारसें नांवें ठेववत नाहीं.

आतां आपल्या महाराष्ट्रांत येऊं. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग हें दांपत्य अमेरिकेंत सार्वजनिक आरोग्याचें शिक्षण घेऊन परतलें आणि १९८६ सालीं त्यांनीं गडचिरोली जिल्ह्यांत 'सर्च' ही संस्था काढली. तेथें त्यांनीं दवाखाना तर चालविलाच. पण त्याबरोबर गांवोगांवचा प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यु लिहून ठेवण्याचा परिपाठ घातला. मूल गेलें तर केव्हां गेलें, कशानें गेलें, हें घरीं जाऊन विचारावयाचें. या नोंदींतून एक गोष्ट ठळकपणें दिसून आली. वर्षाच्या आंत दगावणाऱ्या मुलांपैकीं बहुतेक पहिल्या अठ्ठावीस दिवसांतच दगावत, आणि तींही घरीं. बाळंतीण आणि तान्हें मूल यांनीं घराबाहेर पडावयाचें नाहीं, ही रूढि. मूल दवाखान्यांत येणार नसेल, तर दवाखान्यानेंच मुलाकडे गेलें पाहिजे, असा त्यांनीं निष्कर्ष काढला.

त्यासाठीं त्यांनीं गांवांतल्याच थोड्याशा शिकलेल्या स्त्रिया निवडून त्यांना शिकविलें. त्यांना आरोग्यदूत म्हणतात. बाळंतपणाच्या वेळीं हजर राहावें, मूल पुसून कोरडें करून गुंडाळावें, लगेच आईच्या अंगावर पाजावें, ताणकांट्याला झोळी अडकवून वजन करावें, ताप पाहावा, जंतुसंसर्गाचीं चिन्हें ओळखून औषध द्यावें, आणि हें सारें कागदावर उतरावें, असें त्यांचें काम. त्या वाडीवरच्या बाईचें गार पडलेलें मूल आठवा. त्याला नेमकें हेंच हवें होतें.

अक्षरओळख नसलेल्या सुइणींनाही न्यूमोनिया ओळखतां यावा, म्हणून या डॉक्टरांनीं एक साधन बनविलें. बालवर्गांतली मण्यांची पाटी आपण पाहिली असेल. तसेंच तें आहे. सोबत एका मिनिटाचें वाळूचें घड्याळ. मुलाचे दहा श्वास झाले कीं एक मणी सरकवावयाचा. वाळू संपण्याच्या आंत तांबडा मणी सरकला, तर श्वास प्रमाणाबाहेर जलद आहे, औषध सुरू करावयाचें. मास्तर या नात्यानें मला या साधनाचें मोठें कौतुक वाटतें. ज्या बाईला शंभर मोजतां येत नव्हते, तिच्या हातीं त्यांनीं मोजणी दिली आणि मोजणीबरोबर औषधही दिलें.

गणित सोडविलें कीं ताळा करून पाहावा, असें आम्ही मुलांना सांगत असूं. तो ताळाही या मंडळींनीं केला. ३९ गांवांत ही सेवा सुरू केली आणि शेजारच्या ४७ गांवांत, ही सेवा न देतां, केवळ जन्ममृत्यूची मोजणी ठेवली. सेवा सुरू होण्यापूर्वीं त्या ३९ गांवांत जन्मलेल्या हजार मुलांमागें ६२ मुलें पहिल्या अठ्ठावीस दिवसांत जात. सेवेच्या तिसऱ्या वर्षीं, १९९७-९८ सालीं, तो आंकडा पंचवीसच्या घरांत आला. शेजारच्या ४७ गांवांत तो जवळजवळ होता तेथेंच राहिला. १९९९ च्या डिसेंबरांत 'लॅन्सेट' या इंग्रजी वैद्यकीय साप्ताहिकांत हें सारें छापून आलें. आज आशा कार्यकर्त्या बाळंतिणीच्या घरीं तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशीं जातात; बाळंतपण घरीं झालें तर पहिल्या दिवशींही. देशभर २०११ सालापासून सुरू झालेल्या या क्रमाचें बीज गडचिरोलीच्या त्या वह्यांत आहे.

२००१ सालीं मी त्या ओट्यावर सावकाश कां बसलों, हें आतां आपल्या ध्यानांत आलें असेल. या कामाची हकीकत तोंवर मीं वर्तमानपत्रांत वाचली होती.

देशाचा एकंदर कल पाहिला तर समाधानाला जागा आहे. १९७१ सालीं हजारांमागें १२९ मुलें वर्षाच्या आंत जात; २०२० सालीं हा आंकडा २८ वर आला. हे आंकडे ज्या नमुना नोंदणीपद्धतींतून मिळतात, तिच्यांतही ताळा आहे. गांवांतला गणक वर्षभर जन्ममृत्यु लिहितो; दर सहा महिन्यांनीं दुसरा अधिकारी स्वतंत्रपणें घरोघर विचारतो; मग दोन्ही याद्या जुळवून पाहतात आणि जेथें फरक पडेल, तेथें पुन्हां जाऊन विचारतात. असे गणक म्हणून पुष्कळ ठिकाणीं शाळामास्तरांनीं काम केलेलें आहे, हें सांगतांना मला अभिमान वाटतो. परंतु त्या २८ पैकीं सुमारें २० मुलें २०२० सालींही पहिल्या अठ्ठावीस दिवसांतच गेलीं. म्हणजे आणखी काम कोठें करावयाचें, तेंही ही वहीच सांगते.

आपण शहरांत राहणारीं सुशिक्षित माणसें. आपल्या दाराशीं दवाखाना आहे. या वाड्यावस्त्यांच्या गोष्टींशीं आपला संबंध काय, असें कोणास वाटेल. म्हणून शहरांतलीच एक गोष्ट सांगतों. माझे एक आप्त वारले. त्यांना वीस वर्षांचा मधुमेह होता. पायाला जखम झाली, ती चिघळली, विष अंगांत भिनलें आणि त्यांतच ते गेले. त्यांच्या मरणाच्या कारणापुढें लिहिलें होतें, "हृदयक्रिया बंद पडून." श्रोतेहो, मरतांना कोणाची हृदयक्रिया बंद पडत नाहीं? हें कारण नव्हे. ही मरणाचीच व्याख्या झाली. त्या कागदावरून गांवांत मधुमेहानें किती माणसें जातात, तें कोणालाच कळणार नाहीं. आणि मधुमेह्यांच्या पायांची निगा राखणारा एकादा विभाग काढण्याची बुद्धि कोणत्याही नगरपालिकेला होणार नाहीं. २०२० सालीं देशांत जेवढे मृत्यु नोंदले गेले, त्यांपैकीं शंभरांत सुमारें बाविसांचेंच कारण वैद्यकीय दृष्ट्या प्रमाणित झालेलें होतें. बाकीच्यांची नोंद माझ्या दोनाच्या आंकड्यासारखीच अर्धी राहिली. आम्हीं घरच्या माणसांनींही त्या वेळीं डॉक्टरांना कांहीं विचारलें नाहीं. दुःखांत असतां विचारणें बरें दिसत नाहीं, असें वाटलें. पण विचारावयास हवें होतें.

तेव्हां माझी आपणांस विनंति अशी. घरांत जन्म किंवा मृत्यु झाला, तर कायद्यानें एकवीस दिवसांची मुदत दिलेली आहे. तिच्या आंत तो नोंदवा. मृत जन्मलेल्या मुलाचीही नोंद करावयाची असते. ती टाळूं नका. मरणाचें कारण लिहितांना मूळ आजार कोणता, हें डॉक्टरांना नम्रपणें विचारा आणि तोच लिहिण्याची विनंति करा. आणि घरांत कोणी जुनाट दुखण्याचा मनुष्य असेल, तर त्याच्या उशाशीं एक साधी वही ठेवा. रक्तदाब, रक्तांतली साखर, औषधाचें नांव, प्रमाण व वेळ, आणि कोणतें औषध सोसलें नाहीं, एवढें तारीखवार लिहा. डॉक्टर बदलला, परिचारिका बदलली, मुलगा परगांवीं गेला, तरी ती वही रोग्याच्या वतीनें बोलते. रात्रीं दोन वाजतां दवाखान्याच्या दारांत घाबरलेल्या माणसाला जें आठवत नाहीं, तें तिच्यांत लिहिलेलें असतें.

हजेरी घेतांना एक गोष्ट मी फार उशिरां शिकलों. 'गैरहजर' असा शेरा मारला, कीं काम संपलें असें तरुणपणीं वाटे. पुढें कळलें, कीं खरें काम तेथून सुरू होतें. मूल कां आलें नाहीं, हें त्याच्या घरीं जाऊन पाहावें लागतें. आरोग्याच्या वहीचेंही तसेंच आहे. प्रथम खरें लिहावें, मग कां असें विचारावें, मग हात चालवावेत, आणि शेवटीं पुन्हां मोजून ताळा पाहावा. यांतली पहिली पायरी डॉक्टराची नाहीं. ती तुमची आमची आहे.

त्या बाईच्या ओट्यावरून उठतांना मीं पत्रकांत चाराचा आंकडा घातला. तिनें तो निरखून पाहिला. तिला वाचतां येत नव्हतें; पण मीं लिहितों आहें, हें तिला दिसत होतें. मग ती म्हणाली, "झालं का लिवून? बरं झालं."

तें बरें व्हावयाला दहा वर्षें लागलीं, आणि तीं माझ्या हातून लागलीं. आपल्या हातून तसें न व्हावें, एवढेंच मागणें आहे.