बँकेचे खाते आणि आपले पर्यावरण
(पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



बँकेच्या खात्याचा आणि हवा-पाण्याचा संबंध काय, असे आपणांपैकी काहींना वाटेल. संबंध आहे, आणि तो आपल्या स्वयंपाकघरापासूनच सुरू होतो.

२८ ऑगस्ट २०१४ रोजी जनधन योजना सुरू झाली आणि शिल्लक न ठेवताही गरिबाला खाते उघडता येऊ लागले. जानेवारी २०१५ पासून गॅसचे अनुदान देशभर थेट खात्यात जमा होऊ लागले. २०१६ साली उज्ज्वला योजनेत गरीब घरातील स्त्रीच्या नावे गॅसजोडणी देण्यास प्रारंभ झाला. ज्या माउलीपाशी खाते होते, तिला हा मार्ग खुला झाला. जिच्यापाशी नव्हते, तिची वाट अडली. चुलीतले लाकूड वाचते, तेव्हा जंगलाबरोबर लेकरांची छातीही वाचते.

त्याच २०१६ साली यूपीआय आले. ते चालविणाऱ्या संस्थेची कचेरी आपल्याच उपनगरात, वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. आज भाजीवालाही फोनवर पैसे घेतो. ही सोय मोठी आहे. परंतु सोयीबरोबर मोहही येतो. खिशात पैसा नसताना हप्त्याने नवा फोन घेता येतो आणि जुना भंगारात जातो. कुर्ला-साकीनाक्याकडील भंगाराच्या गल्ल्यांतून असा माल फिरतो. तांब्यासाठी वायरी जाळल्या की विषारी धूर निघतो. तो धूर श्रीमंताच्या गॅलरीत नव्हे, प्रथम आपल्याच वस्तीत शिरतो. जानेवारी २०१६ मध्ये देवनारची कचराभूमी पेटली, तेव्हा आसपासच्या उपनगरांनी काय भोगले, ते आपणांस ठाऊकच आहे.

सारांश, खाते हे केवळ साधन होय. त्यातून पैसा कोठे वळतो, यावर आपली हवा शुद्ध राहणार की दूषित होणार, हे ठरते. इस्राफ, म्हणजे उधळपट्टी, आपल्या धर्माने निषिद्ध मानली आहे. आणि ही पृथ्वी आपल्या हाती सोपविलेली अमानत आहे.

व्याजाच्या शंकेमुळे काही घरे बँकेपासून दूर राहतात. तो प्रश्न ज्याने त्याने जाणकार आलिमांना विचारून सोडवावा. परंतु अनुदान जमा होण्याचे खाते आणि कर्ज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढे ध्यानात असू द्यावे.

म्हणून माझ्या तीन विनंत्या आहेत. पहिली, घरातील स्त्रीचे स्वतःचे खाते असू द्या आणि त्याचा गुप्त क्रमांक तिच्याखेरीज कोणाकडेही नसावा. दुसरी, सोसायटीच्या सभेत छतावरील सौरविजेचा विषय काढा. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेल्या सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामायिक वापरासाठी दर किलोवॅटला १८,००० रुपये अनुदान ठरले आहे. जिना, लिफ्ट आणि पंपाचे बिल त्यामुळे हलके होईल. तिसरी विनंती विद्यार्थ्यांना. चालू फोन केवळ हौसेपायी बदलू नका, आणि बिघडलेला फोन अधिकृत संकलन केंद्रातच द्या.

घरोघर खाती झाली, आता घरोघर विवेक हवा.