जत्रेत आपला स्टॉल कसा मांडावा?

(मंडळाच्या महिला व विद्यार्थी मेळाव्यात चिखली येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय पाहून काही जणांना नवल वाटले असेल. मी कला शाखेचा पदवीधर, नोकरीने बँकेतला कारकून. दुकानदारी माझ्या सात पिढ्यांत कोणी केलेली नाही. परंतु बचत गटांची खाती ज्या काउंटरवर येतात तिथे माझी बरीच वर्षे गेली, आणि घरी माझी पत्नी एका गटाची सचिव आहे. त्यामुळे गटाचे पासबुक मी काउंटरच्या दोन्ही बाजूंनी पाहिले आहे. त्यातून जे शिकलो तेवढेच आज सांगणार आहे.

१९९२ साली नाबार्डने ५०० गटांपासून बचत गट बँकेला जोडण्याचा प्रयोग सुरू केला. त्याचे पुढे किती मोठे झाड झाले हे आपण जाणता. आपल्या भगिनी पैसे साठवायला शिकल्या, कर्ज घ्यायला आणि वेळेवर फेडायला शिकल्या, वस्तू तर उत्तम बनवू लागल्या. विकण्याच्या बाबतीत मात्र आपण अजून मागे आहोत. विकायला जागा नाही असेही म्हणता येत नाही. आपली पिंपरी-चिंचवड महापालिका महिला बचत गटांसाठी पवनाथडी जत्रा भरवत आली आहे. पुण्यात भीमथडी जत्रा भरते, मुंबईत महालक्ष्मी सरस भरते. जागा मिळते, पण मिळालेल्या दहा बाय दहा फुटांत काय करायचे, हे कोणी शिकवत नाही.

आमच्या गटाची पहिली जत्रा मला चांगली आठवते. गटात एक वयस्कर काकू आहेत. त्यांच्या हाताची गोधडी म्हणजे पाहत राहावे असे काम. मागून पाहिली तरी टाका पुढच्यासारखाच. अशा आठ गोधड्या आम्ही नेल्या. मंडपवाल्याने दिलेले टेबल तोंडाशी आडवे लावले, त्यावर गोधड्यांच्या घड्या एकावर एक रचल्या, शेजारी कापडी पिशव्यांचा ढीग आणि तोरणांचा गुंता ठेवला. मागे खुर्च्या टाकून चौघीजणी बसल्या. चार दिवस गर्दी समोरून गेली. ज्या गोधडीसाठी लोकांनी थांबायला हवे होते ती घडीत मिटलेली होती, आणि वरच्या घडीचा जो वीतभर कोपरा दिसत होता तो बाजारी चादरीसारखाच दिसत होता.

आठातल्या दोन गेल्या. त्यासुद्धा काकूंनी सातशे सांगितले, गिऱ्हाईक पाचशे म्हणाले आणि काकूंनी मान खाली घालून दिल्या. घरी आल्यावर मी कागद घेतला. कापड आणि दोरा मिळून १४० रुपये. राहिले ३६०. एका गोधडीला चोवीस दिवस, रोज दुपारचे तीन तास, म्हणजे बहात्तर तास. तासाला पाच रुपये पडले. काकूंना हा हिशेब सांगायला माझी जीभ रेटेना. त्याच मला म्हणाल्या, "भाऊ, मला किंमत सांगायलाच लाज वाटली."

मित्रहो, माझ्या आजच्या बोलण्याचे मूळ त्या वाक्यात आहे. मांडणी म्हणजे झिरमिळ्या लावून केलेली सजावट असे आपण समजतो. माझ्या मते मांडणीची कामे दोनच. आपली वस्तू गर्दीच्या डोक्यांवरून दिसली पाहिजे, आणि आपल्या श्रमाचे मोल आपल्याला तोंडाने पुटपुटावे न लागता आपल्या वतीने उभे राहिले पाहिजे.

पहिल्या कामासाठी शाळा फार दूर नाही. आपल्यापासून देहू आणि आळंदी जवळच आहेत. तिथल्या यात्रेत जाऊन विकणाऱ्यांकडे नीट पाहा. कुंकू-बुक्क्याचा विक्रेता परातीत कुंकू पसरून ठेवत नाही. तो त्याचा उंच निमुळता डोंगर करतो. कुंकू तेवढेच, पण लांबून दिसते. भिंगऱ्या विकणारा तर दुकानच खांद्यावर घेऊन फिरतो. काठीच्या टोकाला गवताची पेंढी आणि तिच्यात खोचलेल्या रंगीत भिंगऱ्या. पोराला बापाच्या कडेवरूनही त्या दिसतात. बांगड्या उभ्या दांड्यांवर चढवलेल्या असतात. ही माणसे कोणत्या महाविद्यालयात शिकली नाहीत, पण एक नियम त्यांना पक्का ठाऊक आहे : आडवे मांडलेले झाकते, उभे केलेले दिसते. टेबलापुढे दोन माणसे उभी राहिली की टेबलावरचे सगळे तिसऱ्याला दिसेनासे होते.

दुसऱ्या वर्षी आम्ही हाच नियम धरला. काय केले ते क्रमाने सांगतो, विद्यार्थ्यांनी लिहून घ्यावे.

जत्रेच्या आदल्या रविवारी विहाराच्या अंगणात खडूने दहा बाय दहा फुटांचा चौकोन आखला आणि तिथे सगळा स्टॉल एकदा मांडून पाहिला. मग पंधरा पावले मागे जाऊन बघितले. गटाबाहेरच्या एका मुलीला बोलावून विचारले, "इथे काय विकतात? पटकन सांग." ती म्हणाली, "पिशव्या असतील." म्हणजे गोधडी अजून दिसत नव्हती. आम्ही पुन्हा मांडले. ही तालीम फुकट होते, आणि जत्रेच्या सकाळचा गोंधळ तिने वाचतो.

टेबल तोंडावरून काढून एका बाजूच्या कडेला लावले. समोर टेबलाची भिंत असली की गिऱ्हाईक रस्त्यावरच राहते. बाजूला लावले की ते दोन पावले आत येते, आणि आत आलेला माणूस वस्तू हातात घेतो. सर्वांत चांगली गोधडी मागच्या बाजूला बांबूवर पूर्ण उलगडून टांगली. दुसरी अर्धी दुमडून अशी लावली की तिची मागची बाजूही दिसावी, कारण हातशिलाईची खरी ओळख मागच्या बाजूला पटते. उभ्या माणसाची नजर साधारण साडेचार ते पाच फुटांवर असते. आपली मुख्य वस्तू त्या पट्ट्यात असावी. गुडघ्याखाली ठेवलेल्या वस्तूसाठी कोणी वाकत नाही. तिथे शिल्लक माल ठेवून कापडाने झाका.

टेबलावर पायऱ्या केल्या. त्यासाठी खर्च आला नाही. आपला हा सगळा पट्टा कारखान्यांचा. यंत्रांचे भाग ज्या लाकडी खोक्यांत येतात ती खोकी आपल्यापैकी अनेकांच्या ओळखीची आहेत. दोन-तीन मागून आणली, खिळे ठोकून बसवले, धूळ पुसली आणि वर एकरंगी कापड टाकले. कापड एकरंगीच हवे. वस्तू रंगीत असताना खाली फुलाफुलांची चादर घातली तर दोन्ही एकमेकींना खातात. पांढरे कापड मैदानातल्या धुळीने दुपारपर्यंत मळते, म्हणून आम्ही गडद निळे घेतले. पिशव्यांचा ढीग मोडला. प्रत्येक प्रकारची एकच पिशवी वर टांगली, तिच्यात कागद भरून फुगवली, बाकीच्या खाली ठेवल्या. ढिगातली वस्तू स्वस्त वाटते, मोकळी ठेवलेली वस्तू माणूस निरखून पाहतो.

आता ऊन, वारा आणि उजेड. मैदानावरचा वारा हलक्यात घेऊ नका. टांगलेली गोधडी शिडासारखी वारा धरते आणि बांबूसकट खाली येते. तिच्या खालच्या कडेतही एक काठी घालून ती दोऱ्यांनी बांधावी, आणि बांबूच्या पायाशी वाळू भरलेल्या पिशव्या ठेवाव्यात. विजेच्या तारा गेलेल्या खांबाला काहीही बांधू नये. स्टॉल पश्चिमेकडे तोंड करून असेल तर दुपारनंतर ऊन थेट आत येते, रंग उडतात आणि गिऱ्हाईकही थांबत नाही. तेव्हा एक जादा कापड आडोशाला ठेवावे. खरी गर्दी संध्याकाळी होते, त्या वेळी दिवा महत्त्वाचा. पांढऱ्याफटक दिव्याखाली लाल-केशरी रंग मेल्यासारखे दिसतात. किंचित पिवळसर उजेडाचा दिवा पुढून वरच्या बाजूला लावून त्याचा झोत मालावर सोडावा. तो गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत जाता कामा नये.

एवढे केले की वस्तू दिसते. आता दुसरे काम, किमतीचे. इथे मला बँकेतला अनुभव सांगू द्या. आमच्याकडे पैसे भरायची स्लिप कशी लिहायची हे विचारायला अनेकांना संकोच वाटे. ते रांगेतून मुकाट्याने बाहेर पडत आणि ओळखीचे कोणी येईपर्यंत थांबत. एकदा आम्ही मराठीत भरलेली नमुन्याची स्लिप डोळ्यांच्या उंचीवर चिकटवली. माणसे ती पाहून आपापली स्लिप भरू लागली. जे विचारायला लाज वाटते ते लिहून लावले की लाज संपते. जत्रेतही हेच घडते. किंमत विचारली आणि परवडली नाही तर काय, या भीतीने कित्येक जण विचारतच नाहीत, पुढे जातात. आणि काकूंसारख्या विकणारीला किंमत उच्चारण्याची लाज. दोघांच्या मध्ये एक लिहिलेले कार्ड ठेवले की दोघेही सुटतात.

आम्ही कार्डावर लिहिले : 'हाताने शिवलेली गोधडी. चोवीस दिवसांचे काम. किंमत १,८०० रुपये.' खाली शिवणारीचे नाव आणि 'चिखली'. अक्षर विद्यार्थ्यांनी काढले, जाड आणि मोठे, चार हातांवरून वाचता येईल असे.

नाव आणि गाव कशाला, असे कोणी विचारेल. कोल्हापुरी चपलेचे उदाहरण घ्या. महाराष्ट्र आणि कर्नाटकातील प्रत्येकी चार जिल्ह्यांसाठी २०१९ साली तिला भौगोलिक मानांकन मिळाले. तरीही २०२५ च्या जूनमध्ये इटलीतील प्राडा या कंपनीने मिलान शहरात तशाच घडणीच्या चपला दाखवल्या, तेव्हा कोल्हापूरचे नाव घेतले नव्हते. इकडे ओरड झाल्यावर कंपनीने मान्य केले की ही प्रेरणा भारतीय कारागिरांच्या परंपरेतली आहे. पिढ्यान् पिढ्या कातडे कमावणाऱ्या आणि चपला शिवणाऱ्या हातांचे नाव वस्तूवर नसले की श्रेय कोणाकडेही जाते. आपल्या वस्तूवर आपले नाव लिहिण्याचा अधिकार आपणच बजावला पाहिजे, आणि त्याची सुरुवात पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्यावरून होऊ शकते.

तिसरी गोष्ट माणसाची. खुर्चीत बसून मोबाइल पाहणारी विक्रेती दिसली की गिऱ्हाईक तिला त्रास नको म्हणून पुढे जाते. चौघींनी एकदम उभे राहून घेरले तरी पळते. दोघींनी पाळी लावून उभे राहावे, दोघींनी मागे जाऊन जेवावे. काकूंना आम्ही पुढच्या कोपऱ्यात स्टुलावर बसवले आणि हातात अर्धवट गोधडी दिली. त्या आपल्या शिवत राहिल्या. लोक थांबून सुईकडे पाहू लागले, आणि पाहता पाहता कार्ड वाचू लागले. पैशांसाठी क्यूआर कोडची पाटी सावलीत ठेवावी, पण सुटे पैसेही जवळ असावेत. आणि रोज रात्री वहीत दोन रकाने लिहावेत : काय विकले, आणि लोकांनी मागितले पण आपल्याकडे नव्हते असे काय. दुसरा रकाना पुढच्या वर्षाचे भांडवल आहे. आमच्या वहीत पाच वेळा 'बाळाची लहान गोधडी' असे आले. पुढच्या वर्षी आम्ही ती केली.

निकाल ऐकायला आपण उत्सुक असाल. फुगवून सांगणार नाही. त्या वर्षी आठातल्या पाच गोधड्या गेल्या, तीन परत आल्या. एका बाईंनी बाराशेला मागितली. काकूंनी सुई न थांबवता कार्डाकडे बोट केले आणि म्हणाल्या, "ताई, चोवीस दिवस लागतात." बाई निघून गेल्या. संध्याकाळी परत आल्या आणि अठराशे देऊन घेऊन गेल्या. मी पुन्हा कागद घेतला. १४० वजा जाता तासाला साधारण तेवीस रुपये. मजुरी म्हणून ही रक्कम अजूनही थोडीच आहे. पण या वेळी तो हिशेब काकूंना सांगताना माझी जीभ अडखळली नाही, आणि गटाच्या कर्जाचा त्या महिन्याचा हप्ता विक्रीच्या पैशांतून भरला गेला, घरखर्चातून नव्हे.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्याकडे माझी एकच मागणी आहे. तुमच्या आईने, मावशीने, आत्याने काय बनवले ते उलगडून पाहा, किती तास लागले ते विचारा, हिशेब मांडा आणि कार्ड लिहून द्या. पुढच्या जत्रेच्या आदल्या रविवारी विहाराच्या अंगणात खडू घेऊन या. चौकोन आखायला मी येईन.