घरातील कचरा आणि आपले कर्तव्य

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात पुणे येथे केलेले भाषण)



दरवर्षी या व्यासपीठावरून शिक्षण, विवाह, वसतिगृह अशा विषयांवर विद्वान वक्ते बोलतात. यंदा चालकांनी आमच्यासारख्या निवृत्त प्राथमिक शिक्षकास पाचारण केले आणि आम्ही विषय निवडला तो कचऱ्याचा. तो ऐकून चिटणीसांच्या कपाळावर आठी उमटली. आनंदाच्या प्रसंगी केराची गोष्ट कोण काढतो? परंतु लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आपण केरसुणीचीही पूजा करतो, एवढे ध्यानात घेऊन आपण आमचे चार शब्द ऐकून घ्यावेत.

आमच्या लहानपणी गावच्या घरात कचरा असा फारसा निघतच नसे. भाजीचे देठ गुरांपुढे, राख भांडी घासण्यास, जुनी लुगडी गोधडीत नाहीतर बोहारणीकडे. उरलेसुरले उकिरड्यावर कुजे आणि पावसाळ्यापूर्वी खत म्हणून शेतात जाई. उकिरडा आपला, दुर्गंधीही आपलीच. पुण्यात आल्यावर मात्र उकिरडा दृष्टीआड झाला. तो गेला उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांच्या हद्दीत. वर्षानुवर्षे शहराचा मिश्र कचरा तेथे ओतला गेला. त्याचा पाझर विहिरींत उतरला, ढिगांना आगी लागल्या, आणि ग्रामस्थांनी गाड्या अडवल्या म्हणजे आपण वर्तमानपत्र वाचून महापालिकेस दोष देत बसलो. ओले अन्न हवेवाचून कुजले की त्यातून ज्वालाग्राही वायू निघतो. ते अन्न आपल्याच ताटातले होते.

या बाबतीत कायदा नाही असे नाही. १९९६ साली श्रीमती अलमित्रा पटेल यांनी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली, त्यातून २००० सालचे नियम आले. पुढे २०१६ साली ओला, सुका आणि घरगुती घातक असा कचरा घरीच वेगळा करण्याचे बंधन आले. २०२६ च्या नव्या नियमांत तर चार भाग सांगितले आहेत: ओला, सुका, स्वच्छताविषयक आणि विशेष काळजीचा. नियम इतके झाले, परंतु आपल्या दारातील बादली एकच राहिली.

ती बादली उचलतो कोण? १९९३ साली डॉ. बाबा आढाव यांच्या मार्गदर्शनाखाली या शहरातील कचरावेचकांची ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ उभी राहिली. त्यातूनच निघालेली ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था २००८ साली महापालिकेशी करार करून दारोदार कचरा गोळा करू लागली. घरटी मिळणारे मासिक शुल्क आणि सुक्या मालाची विक्री, एवढेच या सभासदांचे उत्पन्न. वरणाने भिजलेला कागद भंगारवाला घेत नाही. म्हणजे आपण सुक्यावर ओले ओततो तेव्हा तिच्या पदरातील पैसे ओतून देतो.

या कामातील बहुसंख्य स्त्रिया आहेत, आणि त्या बहुतांशी दलित समाजातील आहेत. हे योगायोगाने झालेले नाही. ज्ञातीच्या सभेत हे बोलणे काहींना रुचणार नाही, याची आम्हास जाणीव आहे. पण जातीने सभा भरवणाऱ्यांनीच जर हे बोलायचे नाही, तर कोणी बोलायचे?

आता आमचाच अपराध सांगतो. आम्हास मधुमेह आहे व इन्सुलिन टोचून घ्यावे लागते. वापरलेली सुई कागदात गुंडाळून आम्ही खुशाल भाजीच्या सालींत टाकीत असू. एके दिवशी आमच्याकडे येणाऱ्या मावशी आल्या नाहीत, दुसऱ्या दिवशीही नाहीत. तिसऱ्या दिवशी बोटाला चिंधी बांधून आल्या. सुई खोल रुतली होती. दवाखाना झाला, इंजेक्शन झाले, दोन दिवसांची कमाई बुडाली. आम्ही विचारले, “मावशी, कुणाच्या घरची होती?” त्या म्हणाल्या, “गुरुजी, या मजल्यावर सुई तुमच्याकडंच असती.” त्यांच्या स्वरात राग नव्हता. छत्तीस वर्षे आम्ही मुलांची नखे व रुमाल तपासले, ते आम्हास त्या क्षणी आठवले. दवाखान्याचा खर्च आम्ही देऊ केला, तो त्यांनी घेतला. त्यानंतर मात्र त्या आमची बादली काठीने उपसून पाहू लागल्या, आणि आम्ही दार लोटून आत बसू लागलो.

तेव्हापासून सुया जाड प्लॅस्टिकच्या बरणीत जमवतो. बरणी भरली की झाकण चिकटपट्टीने बंद करून, वर ‘सुया’ असे ठळक अक्षरांत लिहून हातात देतो. फुटलेली काच जाड कागदात बांधून वेगळी देतो. घट आणि गोळ्यांची जुनी पाकिटे यांसाठीही निराळा डबा आहे. दुधाची पिशवी विसळून वाळवतो. तिचा कोपरा पूर्ण कापून काढीत नाही, कारण तो इवलासा तुकडा कोणाच्याच हाती लागत नाही. हे सौभाग्यवतींनी नातवाकडून शिकले आणि आम्हास शिकवले. आणखी एक विषय सभेत उच्चारण्याचा आमच्या पिढीस संकोच वाटतो, तरी सांगतो. मासिक धर्माचे कापड व बाळांचे लंगोट कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका द्यावा, म्हणजे ते पुडके कोणास उघडून पाहावे लागत नाही. घरातील पुरुषांना हे ठाऊक असण्यात काही कमीपणा नाही.

यात वेळ किती जातो म्हणाल, तर दिवसाकाठी चहाचा एक पेला संपेपर्यंत. गच्चीवरील खताच्या पिंपाविषयी उत्साही तरुणांनी आम्हास नंतर विचारावे. आमचे पहिले पिंप अळ्यांनी भरले होते, तेव्हा फार बढाई मारण्याजोगे काही नाही.

शेवटी मंडळाच्या मंगल कार्यालयाविषयी. गेल्या मोसमात एका लग्नानंतर आम्ही मुद्दाम मागील दाराशी उभे राहिलो. श्रीखंड, पुऱ्या, पत्रावळी, पाण्याच्या बाटल्या, हारांची फुले, सारे एकाच काळ्या पिशवीत. ती पिशवी जी बाई उपसत होती तिला कोणी पानावर बोलावले नव्हते, आणि बोलावण्याचे आम्हासही सुचले नाही. कार्यालय भाड्याने देताना दोन पिंपे ठेवण्याची अट असावी, वेगळा न केलेला कचरा असल्यास अनामत परत देऊ नये, आणि कचरा नेणाऱ्यांचे पान पंगतीत धरावे, असा ठराव आम्ही चिटणिसांकडे लेखी दिला आहे. सूचक म्हणून त्यावर आमची सही आहे. अनुमोदकाची जागा अद्याप रिकामी आहे. कागद त्या टेबलावर ठेवला असून भोजनाची घंटा होण्यास अजून दहा मिनिटे अवकाश आहे.