एक फाटक, चार तुकड्या
(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



सकाळपासून इथे एक वाक्य बऱ्याच जणांच्या तोंडून ऐकले : आपल्या शाळेत गरीब-श्रीमंत एकत्र शिकले. ते खरे आहे. शाळा अनुदानित, शिक्षकांचा पगार सरकारकडून, फी नावापुरती. डॉक्टरांची मुलगी आणि हमालाचा मुलगा एकाच गणवेशात एकाच फाटकातून आत येत. आज माझ्या सोसायटीतली मुले आणि तिथे काम करणाऱ्या मावशींची मुले एकमेकांना नावानेही ओळखत नाहीत. त्यामुळे त्या फाटकाचा मला अभिमान आहे.

पण फाटक एक असले तरी आत तुकड्या चार होत्या. चौथीच्या गुणांवरून पाचवीत तुकडी ठरायची. मी 'अ' मध्ये होते. आमच्या वर्गात बँक कॉलनी, शिक्षक सोसायटी, सरकारी क्वार्टर्स. 'ड' मध्ये स्टेशनमागची वस्ती आणि बाजारात हातगाडी लावणाऱ्यांची मुले. कुणी कुणाचे उत्पन्न विचारले नव्हते, फक्त गुण पाहिले होते. पण नऊ वर्षांच्या मुलाच्या गुणांत त्याच्या घरी कोण वाचते, पाणी भरायला कोण जाते, अभ्यासाला जागा आहे का, हे सगळे आलेलेच असते.

पुढचे आपोआप होत गेले. शिष्यवृत्तीचे जादा तास 'अ' ला. संस्कृत 'अ' आणि 'ब' ला. पाचवीची तुकडी बदलून वर गेलेली मुले हाताच्या बोटांवर मोजता येतील. आज सकाळी 'ड' मधला एक मित्र मला सहज म्हणाला, "तुमच्या वर्गात पंखा होता ना?" मला तो पंखा आठवतही नव्हता. त्याला तीस वर्षांनी आठवत होता.

माझ्या कामात हे नेहमी दिसते. संगणकाला जुन्या निकालांवरून निवड करायला शिकवले, तर तो जुनाच भेद पुढे चालवतो. आकड्यांत असल्यामुळे तो निःपक्षपाती वाटतो, इतकेच.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने खासगी विनाअनुदानित शाळांत प्रवेशाच्या वर्गात २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतील मुलांसाठी ठेवल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्या राज्याने नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला यातून सूट दिली. जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. भांडण फाटकाचे होते आणि ते गरजेचे होते. पण केंद्राच्या २०१० च्या नियमांत आणखी एक गोष्ट लिहिली आहे : या मुलांना वर्गात वेगळे बसवायचे नाही, त्यांचे वर्ग वेगळ्या जागी वा वेगळ्या वेळी भरवायचे नाहीत. फाटकातून आत घेतल्यावरही भिंत घालता येते, हे नियम लिहिणाऱ्यांना ठाऊक होते.

ही भिंत ओलांडणारे शिक्षक आपल्याकडे होते. गणिताच्या सरांनी नववीला 'ड' तुकडी स्वतःहून मागून घेतली. शाळा भरण्याआधी तासभर ते तिथे फळ्यापाशी उभे असत. त्या वर्गातले जे गणितात पास झाले, त्यांतले काही जण आज याच सभागृहात आहेत. सर, हे कुणीतरी माइकवरून सांगायला हवे होते.

आता आपल्या निधीविषयी. डिजिटल फळा आणि गुणवंतांचा सत्कार, असे दोन प्रस्ताव आहेत. दोन्ही चांगले आहेत. पण सत्काराला बहुधा 'अ' मधलीच मुले येतील. माझ्या दोन सूचना आहेत. पाचवीच्या तुकड्या गुणांवर न करता चिठ्ठ्या टाकून कराव्यात, अशी विनंती आपण शाळेला करू. आणि शाळेतच संध्याकाळी सहा ते आठ अभ्यासिका सुरू करू : दिवे, पंखे आणि मानधनावरचे एक शिक्षक. पहिल्या वर्षाचे मानधन मी देते. पुढच्या वर्षांसाठी आपल्यापैकी पाच जणांनी आज जेवणाआधी कार्यवाहांकडे नाव नोंदवावे.